शेऱ्याचा रिकामा रकाना

आई, आपल्या धाकटीच्या छातीचा एक्स-रे काढलाय, तो उद्या मिळेल. तीन महिने झाले तिला खोकला लागून. तुला जाऊन तेरा वर्षं झाली, तरी तो आवाज मी भिंतीपलीकडून ओळखते. तुझाच आहे. मला फार भीती वाटतेय.

आणीबाणीच्या आधीची ती पाहणी तुला आठवत असेलच. मी कोल्हापुरात आरोग्य खात्यात नुकतीच लागले होते आणि नेमकं आपलंच गाव वाट्याला आलं, मुरगूडच्या अलीकडचं. तंबाखूच्या धुरळ्याने बायकांना खोकला होतो का, ते बघायचं होतं. घरोघरी जायचं आणि प्रत्येकीला एकाच बैठकीत दोन गोष्टी विचारायच्या, सध्या काम काय आणि खोकला आहे का. शाळेत हजेरी घेतात तसं, त्या दिवशी जे दिसेल तेवढंच लिहायचं. आपल्या दारात आलो तेव्हा तू भाकरी थापत होतीस. उंबऱ्यात आमच्या पाहणीचे डॉक्टरसाहेब उभे. पदराने खुर्ची पुसत तू त्यांना म्हणालीस, "बसा की पावणं," आणि माझ्याकडे बघून, "इचार, सरकारी बाई." मी काम विचारलं. "बारा वरसं वखारीत तंबाखू चाळली की. आता दम निघत न्हाय, म्हणून घरी हाय." मी म्हणाले, "सध्याचं सांग." "मग घरीच की," म्हणालीस आणि खोकायला लागलीस. मी लिहिलं, काम घरकाम, खोकला आहे.

खोकणारी बाई मुकादम ठेवत नसे. "घरी बस जा," म्हणायचा, आणि धडधाकट तेवढ्या चाळणीवर उरायच्या. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, मलाही. तरी बेरीज झाली आणि वखारीतल्या बायका कमी खोकणाऱ्या निघाल्या, घरी बसलेल्या जास्त, तेव्हा साहेब खूश झाले आणि मी त्यांच्याहून खूश. तंबाखूने खोकला होत नाही, असं लिहिलेला तो कागद मी चुलीपाशी बसून तुला वाचून दाखवला. "माझी गत झाली तेवढी बास," म्हणत तोवर तू धाकटीला वखारीपासून लांब ठेवलं होतंस. पिठाचा हात तसाच धरून तू विचारलंस, "म्हंजे माझा खोकला चुलीचा व्हय?" मी म्हणाले, "असेल." तू भाकरी तव्यावर टाकलीस. मग म्हणालीस, "शिकलेली पोर खोटं कशाला बोलंल?" पुढच्या आठवड्यात धाकटी वखारीत जायला लागली.

तू गेल्यावर वर्षभराने आम्हाला प्रशिक्षणाला बसवलं. शिकवणारे सर म्हणाले, अशा एकवेळच्या पाहणीत आधी काय झालं आणि मागून काय, ते कळत नाही. घरी बसल्यामुळे खोकला, की खोकल्यामुळे घरी? आणि जे काम सोडून गेले, त्यांना आधीचं काम विचारलंत का? मला भाकरी थापणारी तू आठवलीस. विचारायचीही गरज पडली नव्हती, तू आपणहून सांगितलं होतंस. त्या तक्त्यात शेवटी शेऱ्याचा रकाना होता, तुझी बारा वर्षं त्यात सहज मावली असती. पण साहेब उंबऱ्यात होते, आणि माझी आई वखारीतली बाई, हे त्यांच्यासमोर लिहायची मला लाज वाटली. त्या रविवारी गावी जाऊन मी धाकटीला म्हणाले, वखार सोड. ती हसली. "अक्का, तुझ्याच कागदात लिवलंय की, काय हुईत न्हाय." मी चहा घेतला आणि एस.टी. पकडली. कागद चुकलाय एवढं दोन शब्दांत सांगायचं होतं, ते तोंडातून निघालं नाही.

काल दवाखान्याच्या बाकावर तिनेच माझा हात धरला. "भिऊ नगंस अक्का. चुलीचा असंल, आईसारखा." मी म्हणाले, "असेल."

ती पलीकडच्या खोलीत आहे, आत्ताही खोकतेय. हे खरं तर तिलाच लिहायला हवं होतं. पण तिला वाचता येतं. तुला येत नव्हतं, म्हणून तुला लिहिलं.