हायडन, बंद खोली आणि आम्ही चौघे

३ नोव्हेंबर
ठरलं! वाडीत गंजत पडायचं नाही. हायडन या जुन्या विलायती संगीतकाराची सुरुवातीची क्वार्टेट्स, म्हणजे चार वाद्यांच्या रचना, बसवायची, पुण्याच्या महोत्सवात वाजवायची आणि तिकडंच राहायचं. काय गोड प्रकार आहे! जणू जेवणं उरकून चार शहाणी माणसं ओट्यावर गप्पा मारतायत. उगाच रडारड नाही. पहिलं व्हायोलिन अर्थात मी.

५ नोव्हेंबर
सोमेश्वर गुरुजी दुसरं व्हायोलिन. व्हायोला म्हणजे जरा मोठं व्हायोलिन; त्याचे सूर भजनी मंडळाचा पंडित पेटीवर काढणार. चेलो, म्हणजे खर्जातलं थोरलं व्हायोलिन, आख्ख्या बीड जिल्ह्यात मिळेना. त्याचे सूर बँडवाला बंकट मोठ्या पितळी बाजावर फुंकेल. हायडननं चालवून घेतलं असतं. तालीम रोज माझ्या खोलीत. कुत्री लई भुंकतात, म्हणून दार-खिडक्या बंद.

१० नोव्हेंबर
मिन्युएट, म्हणजे मधला नाचाचा तुकडा, फसला. चौघं चार ठिकाणी संपलो. पण दार उघडलं तर ओट्यावर ही गर्दी! कुणी चहा आणला, कुणी पाया पडलं. वाडीला कान आहे. बायको सत्यशीला म्हणाली, ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आलीय, चौघं दार लावून बसताय, लोकांना वाटतंय तुमी पॅनल काढताय. सत्यशीलाला संगीतातलं काय कळतंय!

१४ नोव्हेंबर
मेंढरंवाला धुळाजी विचारत होता, आमच्या वस्तीचा एखादा घेता का? म्हटलं, चारच जण लागतात, पाचव्याला जागाच नाही. तणतणत गेला. खरा रसिक.

१८ नोव्हेंबर
गावचे जुने पुढारी आप्पाराव काका आले. म्हणाले, सरपंचाला उभा राहा लेका, लई वजन वाढलंय तुझं, तालमीला सभागृह देतो. भरला फॉर्म. मला कोण मत देतंय! पडणार, सभागृह पदरात, वर पुणं. याला म्हणतात डोकं.

२६ नोव्हेंबर
बिनविरोध. बाकी सगळ्यांनी अर्ज मागं घेतले. चौघांचं एवढं जमतंय तर भांडण कशाला, म्हणे. ते तिघं सदस्य; त्यांचे अर्ज काकांनी परस्पर भरून घेतले होते. कानात अजून गुलाल आहे. महोत्सवाचं काढलं तर बंकट म्हणाला, आता कशापायी जायचं पुण्याला?

२ डिसेंबर
आज तिकडं महोत्सव. दार लावून एकटाच वाजवायला बसलो. दोन ओळी झाल्या नाहीत तोच धुळाजीनं दार बडवलं. सरपंच, नळाला पानी न्हाई, आन तुमी आत काय करताय? गेलो. मोटर जळालीय. टाकीखाली उभं राहून रडू आलं. लोकांना वाटलं, पाण्यासाठी रडतोय. टाळ्या पडल्या. मुदत पाच वर्षं.