अर्पिताची थप्पी

जानेफळ,
ता. १८ ऑगस्ट २०२४

चि. अर्पिताले बाबाचा पोटभर आशीर्वाद.

घरी सगळे खुशाल. पाऊस उसंत देत नाही, आरा मशीन निम्मा वेळ बंदच राह्यते. अक्षर वाकडं आलं तर मनावर घेऊ नको, बोटाले खिळा लागला.

तू विचारलं म्हणून सांगतो, तुही थप्पी साफ आहे. आंब्याच्या ओल्या फळ्या, तरी एकीवरही निळा-काळा डाग नाही. बाजूची, तू नुसतं पाणी फवारलेली थप्पी शाई सांडल्यावाणी झाली. प्रसेनजित मिस्त्री म्हणे, "काका, बांधावरच्या मातीतले जंतू बाटलीत भरून पोरीनं बुरशीवर सोडले, कमाल केली!" तुह्या आईनं आळीत साखर वाटली. माह्या घशाखाली उतरली नाही.

काऊन उतरली नाही, ते फोनवर सांगणं होत नाही. म्हणून कागदावर लिहितो.

तू जंतू फवारून अकोल्याले कॉलेजात गेली अन् इकडं झड लागली. मी थप्पीभोवती येरझारा घालून राह्यलो. फळी उचल, पाह्य, ठेव. जीव थाऱ्यावर नाही. एका कोपऱ्यात निळी झाक वाटली. डाग होता की ओल, देव जाणे. पोरीची मेहनत मातीत जाते, सरांसमोर तिची मान खाली जाते, हेच डोक्यात. मी बुरशीचं ते जुनं विषारी औषध काढलं अन् तुह्या थप्पीवर मारलं. हातमोजेही घातले नाही.

खिळा-बिळा काही लागला नाही, अर्पिता. हाताची सालं पुन्हा निघाली. याच हातांसाठी तू हे जंतू शोधले, माहीत आहे मले. गधेपणा केला, दुसरं काय!

सरांले ती थप्पी दाखवू नको. ते तुह्या जंतूंचं काम नाही.

काल नवं खोड चिरलं. फ्रीजमधे तू ठेवलेली दुसरी बाटली तुह्या आईनं फवारली, मले जवळ येऊ देलं नाही. औषधाचा डबा कुलपात, किल्ली तिच्या कमरेले. सकाळपासून त्या नव्या थप्पीच्या वरच्या फळीवर मले काहीतरी निळं दिसून राह्यलं. लय वाटते जाऊन फळी उचलावी, पण उठलो नाही. तूच येऊन पाह्य. रागव, भांड, पण ये.

हात आवरून बसलेला,
तुहा बाबा
मोतीराम