व्याघ्रमुखी जागा आणि वच्छलेचे विलायतेतील शिक्षण

मुंबईत वास्तुविद्येची परीक्षा पास झालेली माझी पुतणी वच्छला हिला विलायतेतील विद्यापीठाने त्याच विद्येच्या पदव्युत्तर वर्गात प्रवेश दिला आहे. पत्र काल मलकापुरास पोचले. इंग्रजी शाळेचे हेडमास्तर शेषराव चोपडे यांनी ते दोनदा वाचून खात्री केली. माझे हृदय फार दिवस साथ देणार नाही, ही दुसरी बातमी. ती डॉक्टरांची आहे. दुसरीमुळे पहिली अडू नये म्हणून मी, भगवंतराव तुळशीराम नारखेडे, साप्ताहिकाचा संपादक, राहणार मलकापूर, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाखाली न येता, स्वहस्ते लिहीत आहे. मला मूलबाळ नाही. याआधी मृत्युपत्र केलेले नाही.

एक. स्टेशन रस्त्याची जागा. वाटणीच्या वेळी थोरले बंधू उकंडराव, म्हणजे वच्छलेचे वडील, यांनी गावातली गोमुखी जागा घेतली. समोर अरुंद, मागे रुंद, घराला शुभ. स्टेशनकडची व्याघ्रमुखी, समोर रुंद आणि मागे निमुळती, माझ्याकडे आली. "वाघाच्या तोंडात घर कोन बांधते बे? तूच घे," असे ते पंचांसमोर म्हणाले आणि वाटणीपत्रावर त्यांनी सही केली. घराला वाईट ती जागा दुकानाला उत्तम, हे त्यांनाही ठाऊक होते; पण तेव्हा तिकडे बाभळी होत्या. आता कापसाचे व्यापारी त्या रुंद तोंडासाठीच जागा मागतात, आणि दादांना ती एकाएकी सामाईक वाटू लागली आहे. ती सामाईक नाही. शेषरावांनी ती विकून सर्व रक्कम वच्छलेच्या शिक्षणासाठी द्यावी. अट एकही नाही. ती नापास झाली तर पुन्हा परीक्षेला बसेल. तिने लग्न केले किंवा न केले तरी रक्कम तिचीच.

दादांनी भर बाजारात मला विचारले होते, "गावातले गवंडी मेले काय? पोरगी काऊन पाह्यजे घरं बांधाले?"

"गवंडी सांगतली तिथं भिंत बांधते, दादा. कुठं नको, हे कोन सांगीन?"

"तू सांग मंग, पेपरवाल्या."

मला ते येत नाही. तिला येते.

दोन. राहते घर पत्नी विमलबाई हिच्या हयातीपर्यंत तिचे, नंतर वच्छलेचे. स्वयंपाकघराच्या दक्षिण भिंतीतील खिडकी कोणीही बुजवू नये. वच्छलेने पहिल्याच सुटीत भिंत फोडून ती करवून घेतली, तेव्हा "यमाले वाट करून देल्ली," असे दादा म्हणाले. विमलबाईचा खोकला त्या वर्षी गेला. यम आता माझ्यासाठी निघाला असेल, पण मी ओसरीवर झोपतो. त्याला खिडकी लागणार नाही.

तीन. छापखाना, यंत्र व अक्षरांचे खिळे ते जुळवणारा कंपोझिटर कडूबा यास. माझ्या मृत्यूच्या आठवड्यातही अंक वेळेवर निघावा. माझी बातमी चार ओळींची असावी. तिच्यासाठी बाजारभाव कापू नयेत.

चार. धामणगाव बढे येथील शेत दादांना. त्यांना शेती येते, मला येत नाही. ही तडजोड नाही आणि माफीही नाही. मात्र पहिल्या कलमातील जागेवर त्यांनी दावा लावला, तर हे शेतही वच्छलेचे होईल. दाव्याची धमकी त्यांनी मला तीनदा दिली आहे. एकदा जेवताना दिली, आणि वर भाकरीही मागून घेतली.

पाच. पोरीच्या आईला विचारल्याशिवाय तुम्ही हे करता, असा बोल भावकीने मला लावला. आज सकाळी वहिनी, रुखमाबाई, मागच्या दाराने आल्या.

"भाऊजी, कागदावर बाईचा अंगठा चालते का?"

"चालते, वहिनी. पण दादा घरात घेतीन का तुमाले?"

"मी त्याईच्या घरात नाही राहत. ते माह्या घरात राह्यतात. शाई आना."

तोवर लिहून झालेली चार कलमे मी त्यांना वाचून दाखवली. चौथे कलम ऐकून त्या हसल्या आणि म्हणाल्या, हे दोनदा वाचा.

सहा. पुढे अपेक्षित आहे ते असे. वच्छला ऑगस्टात मुंबईहून जहाजाने निघेल. त्याआधी मी गेलो तर तिने सुतकासाठी किंवा तेराव्यासाठी जाणे लांबवू नये. ती बोटीवर असताना गेलो तर तिला तार करू नये. दादांना या कागदाची खबर आज संध्याकाळपर्यंत लागेल, आणि ते येथे येतील. कागद तोवर शेषरावांकडे गेलेला असेल. मी ओसरीवरच आहे.

वरील मजकूर माझाच. पुढील साक्षीदारांदेखत सही केली. त्यांनीही माझ्यादेखत केली.

भगवंतराव तुळशीराम नारखेडे

साक्षीदार:
शेषराव चोपडे, हेडमास्तर, सही
रुखमाबाई उकंडराव नारखेडे, वच्छलेची आई, डाव्या हाताचा अंगठा

मलकापूर, मध्यप्रांत व वऱ्हाड
१४ जून १९४६