पाळण्यातला दुसरा

सोमवार, ३ नोव्हेंबर

आले बाई एकदाची नांदेडला! निलंग्याहून यष्टीत बसले, मांडीवर पिशवी, पिशवीत आमच्या घरचा वरवंटा. कंडक्टर म्हणला, आजे, दगड घेऊन कुणाला मारायला चाललीस? मी म्हणलं, सुटे पैसे न देणाऱ्याला. सगळी गाडी हसली.

माझा लेक वैजनाथ इथं ब्यांकेत हाय. सून पुनम कालेजात मानसशास्त्र शिकवते. तिची रजा संपली, म्हणून नातू सांभाळायला मला बोलावणं. नातवाचं नाव मिहिर, आठवा महिना चालू. काय गाल, काय मांड्या! पण मला बघून त्यानं भोकाड पसरलं. मला लागलंच जरा. पुनम म्हणली, आत्याबाई, उलट चांगलं हाय, त्याला आपलं-परकं कळून राहिलं. ही वही तिनंच दिली. तो काय खातो, कवा निजतो ते लिहा म्हणली. मी तिसरी शिकलेली. बाळाचं थोडं अन माझंच लई होईल.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

मिहिर आता माझ्याकडं येतो! सकाळी नाचणीची पेज खाल्ली, निम्मी माझ्या लुगड्याला पुसली.

पुनमला विचारलं, कालेजात लेकरांचं काय शिकवतीस गं? ती म्हणली, लेकरू नुसतं दूध देणाऱ्याला चिकटत न्हाई. रडल्यावर जे माणूस दर वेळी धावून येतं त्याला चिकटतं. त्या माणसाच्या भरवशावर ते लांब रांगत जातं, वळून बघतं, परत येतं. म्हणे शास्त्रज्ञ मुद्दाम आईला खोलीबाहेर पाठवतात अन लेकरू काय करतं ते बघत बसतात. मी म्हणलं, मी रोज वैजनाथला बांधावर टाकून खुरपायला जायची, मला कुणी पगार दिला न्हाई. पोट धरून हसली. मग म्हणली, आई गेली तरी जे रडत न्हाई अन आली तरी बघत न्हाई, ते शहाणं लेकरू नसतंय आत्याबाई. रडून काही होत न्हाई हे त्याला कळलेलं असतंय.

हे काही मला आवडलं न्हाई ऐकायला.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज बारसं केलं! हे दोघं दवाखान्यातच कागदावर नाव लिहून मोकळे झाले होते. असं कुठं असतंय? मी जिद्द धरली. खालच्या मजल्यावरची रत्नम्मा आली, देगलूरची, निम्मं तेलुगूत बोलते, पण गाते गोड.

आमच्याकडं पाळण्यात आधी वरवंटा निजवतात. त्याला न्हाऊ घालायचं, हळद-कुंकू लावायचं, टोपडं चढवायचं, थोरल्या लेकरासारखं झोके द्यायचे. मग खरं लेकरू. वैजनाथ म्हणला, माय, ह्याचं आधार कार्ड पण काढू का? चावट मेला.

जाताना रत्नम्मा म्हणली, टोपडं काढा अन त्याच्यानं लगेच काहीतरी वाटा, मीठ वाटा, पण वाटा. म्हणजे तो परत दगड होतो. मला काय म्हाईत न्हाई का ते! पण इथं पाटा कुठं हाय? मिक्सर हाय. अन मिहिर वरवंट्याला हात लावून असा गाढ निजला, मी म्हणलं, राहू दे रात्रभर.

बुधवार, १२ नोव्हेंबर

वरवंटा अजून पाळण्यातच हाय. मिहिरला त्याच्याबिगर करमत न्हाई.

दुपारी मिहिर माझ्या मांडीवर खेळून राहिला होता अन पाळण्यातून रडणं आलं. वाटलं, शेजारचं लेकरू असल. उठून झोका दिला. थांबलं.

पुन्हा दोनदा तसंच. दोन्ही वेळा मी गेले. मिहिर तेवढा वेळ चटईवर.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

टोपडं काढलं तर रडणं लई वाढलं. परत घातलं. गप.

वैजनाथला सांगितलं. त्याला काहीच ऐकू येत न्हाई. कान दाखवू म्हणला.

मिहिर आज रडलाच न्हाई. लंगोट ओला, भूक लागलेली, तरी न्हाई. मी आधी लिहिणार होते की शहाणा झाला. मग पुनमचं बोलणं आठवलं, अन हात थांबला.

सोमवार, १७ नोव्हेंबर

पुनम कालेजातून आली. मिहिरनं बघितलंच न्हाई. ती बाहेर जाऊन परत आत आली. हाक मारली. त्यानं तोंड भिंतीकडं केलं. ती रडली. मला म्हणली, आत्याबाई, खरं सांगा, तो रडतो तवा तुम्ही जाता ना?

जाते की. दर वेळी जाते.

कुणाकडं ते न्हाई सांगितलं —

बुधवार, १९ नोव्हेंबर

मिहिरला रत्नम्माकडं ठेवून गोदावरीवर गेले. वरवंटा पाण्यात सोडला. रिक्षात बसले. रिक्षा चौकात आली तरी रडणं कानात. असं रडत होतं की — लेकरू आईला हाक मारतं तसं.

रिक्षा फिरवली. गुडघाभर पाण्यात उतरले. उचलल्यावर गप. अंग ऊनऊन.

घरी येऊन बघितलं, चोळी ओली. नदीच्या पाण्यानं न्हाई. ह्या वयात पान्हा —

गुरुवार, २० नोव्हेंबर

मिहिर माझ्याकडं येत न्हाई. हात केला तर लांब रांगतो. वळून बघत न्हाई.

वैजनाथ म्हणला, रविवारी तुला निलंग्याला सोडतो, तोवर निभाव. पुनम माझ्याशी बोलत न्हाई.

ते पाळण्यातलं मांडीवरून उतरू देत न्हाई. खाली ठेवलं की —

शुक्रवार

दोघंही कामावर गेलेत. दार लावून घेतलं.

हे मांडीवर हाय. सारखं वढतंय. मिहिर रांगत न्हाणीकडं गेला. बादली भरलेली हाय. मी उठले तर हे ओरडतं. बसले की गप.

पुनम, मिहिर चांगला हाय गं. मी आता उठते —

बादलीत डुबकन आवाज झाला. मिहिर रडला न्हाई. तो रडतच न्हाई की. हेच रडून राहिलं. थांब रे राजा, आले मी, तुला जरा निजवते अन मग त्याला —