पत्ते काढण्याआधीचा फोन

वर्धा, डिसेंबर २००६

ती. निकेशभाऊंना वर्ध्याहून मेहुणा गजेंद्र याचा साष्टांग नमस्कार. सासूबाईंच्या गुडघ्यांना तेलाने उतार पडला का, म्हैस दूध देते की अजून नखरेच करते, ते कळवावे. इकडे तुमची बहीण रक्षा खुशाल आहे. मामाजी (म्हणजे तुमचे बाबा) तर इतके खुशाल आहेत की डोळे दाखवायला दोन दिवसांसाठी आलेला हा माणूस पोळ्यापासून इथे आहे, हे सांगून कुणाला पटणार नाही. माझ्या खुशालीचं पुढे वाचून तुम्हीच ठरवा.

मामाजींचा नेम तुम्हाला ठाऊकच आहे, लेकीच्या घरी फुकट जेवायचं नाही. रक्षा पैसे घेत नाही, म्हणून ते काम करून फेडतात. खाटेला नवी नवार घातली, नळ बसवला, पंखा दुरुस्त केला (तो बिघडलेला नव्हता, आता आहे). घरात हात लावण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा माझ्याबरोबर ऑफिसात येऊ लागले. जावयाने सासऱ्याला नाही म्हणावं कोणत्या तोंडाने?

आमचं ऑफिस कापसाच्या व्यापाऱ्याचं, आणि माझ्याकडे कॉम्प्युटरचं खातं. सेलू, देवळी आणि तुमच्या नाचणगावच्या शाखेत एकेक सर्व्हर, म्हणजे मुख्य कॉम्प्युटर, आहे. प्रत्येकात मी एजंट नावाचा छोटा प्रोग्राम बसवला आहे. (विम्याचा एजंट न बोलावता येतो आणि जात नाही. हा सांगितलं तेवढंच करतो.) मी इथून फोनच्या तारेवरून हुकूम सोडला की तो तिथलं नको असलेलं पॅकेज (कॉम्प्युटरमधल्या सामानाचं गाठोडंच म्हणा) मुकाट्याने काढून टाकतो. झालं असं, की हंगामात सगळ्या शाखा कॉम्प्युटरवर पत्ते खेळताना शेठजींना सापडल्या. सोमवारपर्यंत पत्ते गेले नाहीत तर तू जाशील, असं शेठजी मला हिंदीत म्हणाले. ते हिंदीत बोलले म्हणजे खरंच रागावलेले असतात.

मी ऐटीत मामाजींना म्हटलं, बघा, इथे बसून नाचणगावची वस्तू काढतो. त्यांचा चेहराच उतरला. "न इचारता कोणाच्या घरची वाटी तरी उचलते का कोणी, जावईबापू?" मी चहा आणायला गेलो तेवढ्यात त्यांनी तिन्ही शाखांना फोन केले. "नमस्कार. आमचे जावई तुमच्या इथले पत्ते काढून राह्यले. तुमची हरकत नाई ना?"

हरकत सगळ्यांचीच होती. देवळीवाल्यांनी फोनची तारच उपसली. सेलूत म्हणे लाईट गेली (शेजारच्या पानठेल्यावरचं टेप फोनवर मला ऐकू येत होतं). नाचणगावच्या रूपरावने तर सर्व्हर उचलून कपाटात ठेवला आणि किल्ली जानव्याला बांधली. माझा एजंट बिचारा सगळीकडून हात हलवत परत. मग माझंही डोकं फिरलं. मी दांडगा हुकूम सोडला की पत्ते काढ, आणि त्यांच्याशी जोडलेलं जे काही असेल तेही काढ. चालू होता फक्त आमचा वर्ध्याचा सर्व्हर. पत्त्यांची चित्रं ज्या पॅकेजवर उभी होती, त्याच्यावरच कापसाच्या पावत्या छापणारं पॅकेजही टेकलेलं होतं. एजंटने इमानदारीने सगळंच काढलं. बाहेर कापसाच्या गाड्या पार रस्त्यापर्यंत उभ्या, आत एक पावती छापता येईना, आणि शेठजींचं हिंदी सुरू झालं. भाऊ, मी खरंच घाबरलो होतो.

वाचवलं मामाजींनीच. त्यांच्या फोनमुळे नाचणगावचा सर्व्हर कपाटात होता, म्हणून त्यातलं पावतीचं पॅकेज शाबूत होतं. रूपराव तो मांडीवर घेऊन एसटीने आला (कंडक्टरने सर्व्हरचं अर्धं तिकीट फाडलं). त्यातून उतरवून घेतलं आणि दिवेलागणीपर्यंत शेवटची गाडी मोकळी झाली. मग मामाजींनी शाखांना पुन्हा फोन केले. "आमच्या पोराच्या पोटावर आलंतं, बाप्पा," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिन्ही शाखांनी लाजून आपल्या हाताने पत्ते काढून टाकले. मला पोरगा म्हणाले याचं मला फार बरं वाटलं. असे सासरे नशिबाने मिळतात. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
गजेंद्र

ता. क. येत्या रविवारी येऊन मामाजींना घेऊन जावे. म्हैस त्यांच्याशिवाय चारा खात नाही असं सांगावं. मी हे लिहिलं हे रक्षाला कळू देऊ नये.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात ऑफिसातून मामाजींचा फोन आला. शेठजींनी त्यांना माझ्या खुर्चीवर बसवलं आहे. आवाज फार अदबीचा होता. "जावईबापू, शेठजी तुम्हाले वर्ध्यातून काढून नाचणगावले टाकून राह्यले. पहाटेपासून कापसाचा काटा सुरू होते म्हणून मुक्काम तिथंच. तुमची हरकत नाई ना?"

ता. क. तिसरा. रविवारी येऊ नये. समोरची खोली तेवढी रिकामी करून ठेवावी. मी सासुरवाडीत फुकट जेवणारा नाही, हे सासूबाईंना सांगावं. घरात एखादा चालू पंखा असेल तर बघून ठेवावा.