तेरा अंगणांतलं लिंबाचं झाड

सोमवार, ६ जानेवारी

फज्जा! अर्ज कसा लिहावा याचे सात नियम मी फळ्यावर लिहिले आणि तेरा बायका तासभर कोऱ्या कागदाकडे बघत बसल्या. ग्रंथालयामागच्या याच खोलीत त्या वाचायला शिकल्या. आता लिहायला शिकायचंय — आणि शिकवणार कोण, तर मी. पहिलाच आठवडा माझा.

सुटल्यावर शिंपीणकाकू थांबल्या. म्हणाल्या, मला कोट शिवायला कुणी शिकवलं नाही. जुना कोट आणला, टाका न् टाका उसवला, कुठला तुकडा कुठे बसतो ते बघितलं आणि परत जोडला. मी बघतच राहिले. माझी शिक्षणशास्त्राची दोन वर्षं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, आणि या बाई हातात पिशवी घेऊन उभ्याउभ्या सगळं सांगून मोकळ्या!

त्यांना अर्जबिर्ज नकोय. लेकीला पत्र लिहायचंय. चार वर्षांपूर्वी लेकीनं स्वतःच्या मनानं लग्न ठरवलं, तेव्हा काकू दारातच तिला म्हणाल्या होत्या, "परत तोंड दाखवू नकोस." तेव्हापासून दोघींत एक शब्द नाही.

बुधवार, ८ जानेवारी

नमुन्याचं पत्र मीच लिहून नेलं. आईचं, दूरच्या लेकीला. 'अंगणातलं लिंबाचं झाड यंदा लगडलंय. तोडायला तू नाहीस.' सगळ्यांनी मिळून ते उसवलं. हाक कुठे मारली, खबरबात कुठे, मनातलं कुठे, निरोप कसा घेतला. काय बोलत होत्या सगळ्या! घरून आपापलं पत्र लिहून आणा म्हटलं.

शुक्रवार, १० जानेवारी

तेरा पत्रं. तेरा लिंबाची झाडं! रखवालदारीणबाईंना मूलबाळ नाही, पण त्यांचंही लिंबू लगडलंय.

थोरल्या बाई वीस वर्षं हा वर्ग चालवतात. पत्रं वाचून त्यांना हसून हसून ठसका लागला. मग म्हणाल्या, "एकच कोट दाखवलास, तर सगळ्या तोच घालणार गं. तीन दाखव."

सोमवार, १३ जानेवारी

तीन पत्रं नेली. एक रागाचं, एक थट्टेचं, एक नुसतं चार ओळींचं. विचारलं, तिन्हींत सारखं काय? मी तोंड उघडणार तेवढ्यात भाजीवाल्या मावशी हळूच म्हणाल्या, "प्रत्येकात एक गोष्ट अशी आहे, जी त्या दोघांनाच ठाऊक."

हे माझ्या टिपणात नव्हतं. कुठल्याच पुस्तकात मी ते वाचलेलं नाही. आज फळ्यावर एक अक्षर लिहिलं नाही, आणि इतकं शिकवून — छे, शिकून — मी कधीच घरी आले नव्हते.

बुधवार, १५ जानेवारी

धरणीनं पोटात घ्यावं असं वाटतंय. काकूंनी लिंबाचं पत्र शनिवारीच टपालात टाकलंय! शब्दन् शब्द माझा. "तुम्ही लिहिलेलं, म्हणजे बरोबरच असणार, बाई." राहतात तिसऱ्या मजल्यावर, एका खोलीत. अंगण कसलं आणि झाड कसलं! चार वर्षांनी आईचं पहिलं पत्र जायचं, तेही उसनं. लेक फाडून टाकेल. माझ्यामुळे!

शुक्रवार, १७ जानेवारी

काकूंनी स्वतःचं पत्र लिहिलं. त्यातल्या दोनच ओळी वाचून दाखवल्या — 'दरवर्षी तू वाढायचीस आणि मी तुझ्या फ्रॉकची दुमड सोडायची. एका वर्षी सोडायला कापडच उरलं नाही, तेव्हा मी तुझ्यावरच चिडले.'

ढीगभर पुस्तकं वाचली असतील मी, पण असं वाक्य माझ्या हातून जन्मात लिहून व्हायचं नाही. डोळे भरून आले आणि मी ते लपवलेही नाहीत.

पण काकू ते टाकायला तयार नाहीत. म्हणाल्या, "आधीचं उसनं गेलं. आता हेही तिला उसनंच वाटेल." घडी करून पिशवीत ठेवलं.

सोमवार, २० जानेवारी

पत्र अजून पिशवीतच आहे.

बुधवार, २२ जानेवारी

काकू आल्या नाहीत. भाजीवाल्या मावशींबरोबर रजेचा अर्ज पाठवलाय. माझ्या सात नियमांपैकी एकही त्यात नाही. उतरवून ठेवते —

'बाई, लेकीचं उत्तर आलं. लिहिते, आई, तिसऱ्या मजल्यावर अंगण कुठून आणलंस? रविवारी बघायला येते. दुसरं पत्र आता तिच्या हातातच देईन. आज वर्गाला येत नाही. लिंबाचं रोप शोधायला चालले आहे.'