सांताक्रूझ ते उजळाईवाडी, सव्वा तास

राजारामपुरी, कोल्हापूर
मार्गशीर्ष, सन १९८८

तीर्थस्वरूप दाजी,

धाकटा मेहुणा पार्श्वनाथ याचा सादर जयजिनेंद्र. आपला गुडघा आता जिना चढू देत असेल अशी आशा आहे. अक्का इकडे सुखरूप पोचली, खुशाल आहे. आमची खुशाली मात्र जरा सविस्तर सांगावी लागेल.

आपण लिहिलं होतं, सांताक्रूझ ते उजळाईवाडी हवेतून जेमतेम तीनशे किलोमीटर, विमानाला सव्वा तास, म्हणजे अक्का दिवस मावळायच्या आत कोल्हापुरात जेवेल. सूर्यास्तानंतर अक्कानं घास घेतल्याचं आमच्या जन्मात कुणी पाहिलेलं नाही. (मी रात्री खातो, आणि त्यावरचं तिचं बोलणं मला तोंडपाठ आहे.) तेव्हा धोका नको म्हणून आम्ही जेवणच विमानतळावर नेलं. भाकरी, दोडक्याची भाजी, दह्याचं गाडगं आणि घरची झाडून सगळी माणसं एका जीपमध्ये. शेजारची चिमणाबाईही चढली. तिला अक्काशी काही कर्तव्य नव्हतं, विमान बघायचं होतं.

विमानाला उशीर झाला. आमचा एक डोळा आभाळाकडे, एक सूर्याकडे. ते उतरलं तेव्हा सूर्य हातभर वर होता, म्हणजे दोन भाकरी सहज झाल्या असत्या. पण पावणं विमानातून आलेलं! सौ. पद्मावतीनं भाकरतुकडा ओवाळला, मग पोरं एकेक करून पाया पडली, मग चिमणाबाईनं "आक्का, वर ढग हाताला लागत्यात का वो?" म्हणून वाटच अडवली. डबा उघडतोय तोवर सूर्य गेला. मुंबईहून इथवर सव्वा तास, आणि विमानाच्या शिडीपासून आमच्या जीपपर्यंत अर्धा!

थोरली बहीण इतक्या वर्षांनी माहेरी आलेली आणि माझ्या दारात उपाशी. मला रडूच फुटलं. ती उपाशी असताना आपण कसं गिळायचं, म्हणून त्या रात्री घरात कुणीच जेवलं नाही. डबा जसाच्या तसा चिमणाबाईकडे गेला. अक्का मात्र आमच्याकडे कौतुकानं बघत शांत झोपली.

सकाळी माफी मागायला गेलो, तर म्हणते कशी, "अरं, मी वरच जेवलो की! खिडकीत ऊन हुतं, दशम्या सोडल्या. तुमीच कुणी जेवला न्हाईसा. म्हटलं, पारसू सुधारला! रात्रीचं खाणं सोडलंस व्हय रं?" तिचा चेहरा असा खुललेला की मी मॅट्रिक झालो तेव्हाही तेवढा खुलला नव्हता. माझ्या तोंडून "व्हय" निघून गेलं. त्यासरशी तिनं मला मंदिरात नेऊन तसा नेमच घ्यायला लावला. दाजी, रंकाळ्यावरची भेळ दिवस मावळल्याशिवाय गोड लागत नाही, हे आपण जाणता.

बाकी तिच्या आवाजानं घर भरून गेलंय. पहाटे ती हाक मारते तेव्हा आई असल्यासारखं वाटतं. लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
पार्श्वनाथ

ता. क. नेम नीट चाललाय का हे बघायला अक्का पाडव्यापर्यंत राहीन म्हणते. बहीण मला जिवापाड प्रिय आहे. तरी आपला गुडघा अचानक सुजल्याची तार करावी, ही विनंती.

पुन्हा ता. क. परतीचं विमान कधीचं, असं आत्ताच अक्काला विचारलं. म्हणाली, "ह्यांनी येण्याचंच तिकीट काढलंय. म्हणले, जायाची काय गडबड? मला सोडताना कसं हसत हुते, तू बघाय पायजे हुतास."

दाजी, तार राहू द्या. तिकडे रात्री काय काय खाताय, तेवढं कळवा.